चित्रातली विहीर



आपल्या मंडळाची वार्षिक स्मरणिका वाचकांच्या हाती देताना संपादकीयात वर्षभराच्या कार्याचा आढावा घ्यावा, देणगीदारांचे व जाहिरातदारांचे आभार मानावेत आणि पुढील वर्षाचे संकल्प जाहीर करावेत, असा प्रघात आहे. यंदा आढावा कार्यवाहांच्या अहवालात आला आहे, आभार शेवटच्या पानावर आहेत. हे पान मात्र आम्ही एका शाळेतील चित्रप्रदर्शनाला देत आहोत. विषय लहान वाटेल. परंतु त्या प्रदर्शनाने आम्हांस जो प्रश्न विचारला तो लहान नाही, आणि त्याचे उत्तर देताना आमची जी त्रेधा उडाली ती वाचकांपासून लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

वुडलँड्समधील एका माध्यमिक शाळेत विद्यार्थ्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते. आपल्या मंडळातील एका कुटुंबाची चौदा वर्षांची कन्या त्या शाळेत शिकते. तिच्या आईने निमंत्रण दिले, म्हणून संपादक मंडळापैकी आम्ही दोघे शनिवारी दुपारी तेथे गेलो. सिंगापूरच्या अगदी उत्तरेच्या टोकाला वसलेले हे उपनगर. समोर चिंचोळी सामुद्रधुनी आणि पलीकडे मलेशियातील जोहोर बाहरू शहराच्या उंच इमारती. दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा सुमारे एक किलोमीटर लांबीचा सेतुमार्ग १९२४ साली खुला झाला. त्यावरून रोज हजारो माणसे कामाधंद्यासाठी ये-जा करतात, हे सर्वांना दिसते. त्याच्याच बाजूने जोहोरहून पाण्याचे मोठमोठे नळ आले आहेत, याकडे मात्र आपल्यापैकी किती जणांचे लक्ष जाते?

शाळेने त्या नळांकडे लक्ष दिले होते. प्रदर्शनाचा विषयच मुळी ‘पाणी’ हा होता.

शाळेच्या सभागृहात पडदे उभे करून चित्रे लावली होती. आपल्या पिढीने महाराष्ट्रात चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या, त्यांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती असे ठरलेले कप्पे असत. तांब्या आणि दोन वांगी समोर ठेवून छायाप्रकाश दाखविला की गुण मिळत. ती शिस्तही मोलाचीच होती. आमच्यापैकी अनेकांना सरळ रेघ मारण्याचा आत्मविश्वास त्या परीक्षांनीच दिला. येथील पद्धत निराळी आढळली. प्रत्येक पूर्ण चित्राशेजारी त्याच्या तयारीचे कागदही लावले होते. पहिल्या फसलेल्या रेखाकृती, खोडलेल्या ओळी, चिकटवलेली छायाचित्रे, शिक्षिकेचे पेन्सिलीने लिहिलेले प्रश्न, असे सारे उघड्यावर होते. चूक झाकून ठेवायची नाही, ती कशी सुधारली तेही दाखवायचे, हा दंडक आम्हांस फार आवडला. मुलाने काय काढले याबरोबर तो तेथवर कसा पोहोचला हेही पाहणाऱ्यास कळते.

एका चिनी मुलाने शाईने आपल्या आजोबांचे बालपण रेखाटले होते. १९६३ साली दुष्काळामुळे सिंगापुरात पाणी मोजून मिळू लागले. त्या दिवसांत सार्वजनिक नळापाशी बादल्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांची लांबच लांब रांग त्याने काढली होती आणि रांगेत एकच मुलगा तांबड्या रंगात होता. तोच त्याचा आजा. एका मलय मुलीने कापडावर मेण आणि रंग वापरून आजोळच्या खेड्यातील ओढा दाखविला होता. आणखी एकाने जोहोरच्या नळांचे ठसे कागदभर उमटवून मधल्या पांढऱ्या जागेत आपल्या घरातील नळाखालचा एक पेला काढला होता. काही चित्रे सामान्य होती. घाईत रंगविलेले मासे आणि निळ्या लाटा होत्या. विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात तसे असायचेच.

आपल्या मंडळातील मुलीचे चित्र सभागृहाच्या दूरच्या कोपऱ्यात होते. कोळशाने रेखाटून त्यावर पातळ जलरंग दिलेला. खाली ओंजळ पुढे करून बसलेली एक लहान मुलगी आणि तिच्यासमोर रिकामी घागर. वरच्या बाजूने दोन हात चित्रात शिरले आहेत आणि त्या हातांतील कळशीतून पाण्याची धार खाली पडते आहे. हात कोणाचे, ते दिसत नाही. चेहरा चौकटीच्या बाहेर राहिला आहे. मागे विहिरीचा गोल काठ. त्या काठाचा आणि मुलीचा कोठेही स्पर्श होत नाही. मध्ये बोटभर कोरा कागद सोडला आहे.

शेजारचे तयारीचे कागद आम्ही क्रमाने पाहिले. पहिल्या कागदावर नारळाची झाडे, रंगीबेरंगी लुगड्यांतील स्त्रिया, डोक्यावर तीन-तीन हंडे. पर्यटनाच्या पुस्तिकेत छापतात तसले भारतातले खेडे. त्याखाली मुलीने लिहिले होते की, हे चित्र आजीला मोबाइलवर पाठविले तेव्हा आजी म्हणाली, ‘ही आपली विहीर नव्हे. त्या विहिरीवर आपण चढत नव्हतो.’ दुसऱ्या कागदापासून झाडे नाहीशी झाली, रंग उतरले, स्त्रिया गेल्या आणि एक मुलगी उरली.

शेवटच्या कागदावर आणखी एक गोष्ट होती. पूर्ण झालेले चित्र पाहून आजीने सांगितले होते की घागर बरोबर आहे, हातही बरोबर आहेत. पण आम्ही वर पाहत नसू, मान खाली असे. चित्रातील मुलगी मात्र वर पाहते आहे. शिक्षिकेने पेन्सिलीने विचारले होते, ‘मग बदलणार का?’ आणि मुलीने खाली उत्तर लिहिले होते, ‘नाही. पाहते आहे ती मी आहे.’

चित्र निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. ओंजळीची बोटे जमलेली नाहीत. खालच्या भागात रंगावर रंग चढून मळकटपणा आला आहे. विहिरीचा काठ एका बाजूने कलंडल्यासारखा वाटतो. परंतु कोणती जागा कोरी सोडायची, हे या मुलीला कळले. पुष्कळ कसबी चित्रकारांना ते साधत नाही.

चित्राखालच्या चिठ्ठीत मात्र एवढेच होते : ‘माझ्या आजीच्या गावात पाण्याविषयी काही नियम होते.’

आम्ही चिठ्ठी वाचत असता एक चिनी गृहस्थ जवळ आले. बहुधा कोणा विद्यार्थ्याचे वडील असावेत. त्यांनी चित्र निरखून पाहिले आणि अत्यंत सौजन्याने विचारले, ‘ही मुलगी स्वतः पाणी का काढून घेत नाही?’ मुलगी शेजारीच उभी होती. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही तिला काकांच्या ठिकाणी. दर चौदा एप्रिलला व्यासपीठावरून बोलणारे, दरवर्षी या पानावर लेखणी चालविणारे. आम्ही म्हणालो, ‘पूर्वी खेड्यापाड्यांतून तशी एक प्रथा होती.’

गृहस्थांनी मान डोलावली. त्यांना काहीच कळले नव्हते, हे उघड होते. तेव्हा ती मुलगी शांतपणे म्हणाली, ‘त्यांना विहिरीला हात लावू देत नव्हते. माझ्या आजीला आणि आमच्या लोकांना. हात लावला तर पाणी बाटते, असे बाकीचे मानत.’ गृहस्थ क्षणभर स्तब्ध झाले आणि मग पुन्हा चित्राकडे वळून बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिले.

घरी परतताना आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

नंतर मुलीच्या आईकडून समजले की मूळ चिठ्ठी चार ओळींची होती. वडिलांनी ती लहान करावयास सांगितले. त्यांच्या कार्यालयात वरिष्ठ आणि सहकारी पुष्कळसे भारतीय आहेत; त्यांपैकी काहींची मुले त्याच शाळेत जातात. आडनावावरून, गावावरून, जेवणाच्या डब्यावरून चौकशीची सुरुवात कशी होते, हे त्यांना ठाऊक आहे. मुलीने वडिलांचे ऐकले. चिठ्ठी लहान केली, चित्र तेवढे ठेवले.

त्या वडिलांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यांनी चार ओळींची एक ओळ केली. आम्ही तर त्या एका ओळीचीही ‘प्रथा’ करून टाकली. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी बाबासाहेबांची तसबीर दिवाणखान्यात आहे आणि कितीजणांच्या घरी ती आतल्या खोलीत आहे? पाहुणे यायचे म्हणून ती कधी हलविली गेली नाही, असे छातीवर हात ठेवून किती जण सांगू शकतील? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारत आहोत.

याविषयी आमच्या परिचयातील एका वडीलधाऱ्या सद्‌गृहस्थांचे मत निराळे आहे आणि ते येथे नमूद करणे न्यायाचे ठरेल. ते म्हणतात, ‘आपण समुद्र ओलांडून आलो तो मुलांच्या पाठीवर ते ओझे राहू नये म्हणूनच ना? मग त्यांना पक्षी काढू द्या, फुले काढू द्या. आजीचे दुःख नातीच्या कुंचल्यात कशासाठी?’ या म्हणण्यात माया आहे आणि तथ्यही आहे. कोणत्याही मुलाच्या हाती फलक देऊन त्याला समाजाचा प्रतिनिधी म्हणून उभे करणे आम्हांसही मान्य नाही. ज्याला पक्षी काढावयाचे आहेत त्याने पक्षीच काढावेत. परंतु मुलावर इतिहास लादणे वेगळे आणि मुलापासून इतिहास दडविणे वेगळे. या मुलीला कोणी विषय दिला नव्हता. तिने पाण्याविषयी आजीला विचारले आणि आजीने खरे ते सांगितले. पहिले नारळाच्या झाडांचे चित्र तिने काढले, ते आपण तिला काही सांगितले नव्हते म्हणून.

शिवाय, न सांगितल्याने ते नाहीसे होते काय? आपल्या मुलांना ते केव्हा ना केव्हा कळणारच. आजीकडून कळले तर त्यात लढ्याची हकिकत असेल. वर्गातील दुसऱ्या एखाद्या मुलाच्या कुत्सित प्रश्नातून कळले तर त्यात केवळ अपमान असेल. कोणाकडून कळावे, एवढेच ठरविणे आपल्या हाती आहे.

या संदर्भात आम्हांस १९२७ या सालाची आठवण होते. त्या वर्षी २० मार्च रोजी महाड येथे बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच संमत झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर तळे उघडे होते, पण पाण्यापर्यंत हात पोहोचत नव्हता. तो पोहोचविण्यासाठी हजारो माणसांना चालत जावे लागले. त्यांनी तळे बाटविले म्हणून पुढे त्याचे शुद्धीकरण करण्यात आले, प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा निर्णय आपल्या बाजूने लागावयास १९३७ साल उजाडले. त्याच १९२७ च्या डिसेंबरात महाडास दुसरी परिषद भरली आणि २५ तारखेस मनुस्मृतीचे दहन झाले.

आणि त्याच १९२७ च्या डिसेंबर महिन्यात सिंगापूरच्या नगरपालिकेने जोहोरच्या सुलतानाशी पाण्याचा पहिला करार केला! दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु वुडलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी त्या शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. १९४२ च्या जानेवारीअखेर माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजांनी हा सेतुमार्ग उडविला तेव्हा पाण्याचे नळही तुटले. १९६१ आणि १९६२ साली पाण्याचे नवे करार झाले. त्यांपैकी पहिल्याची मुदत २०११ साली संपली. दुसऱ्यानुसार दररोज पंचवीस कोटी गॅलनपर्यंत कच्चे पाणी घेण्याचा हक्क सिंगापूरला २०६१ पर्यंत आहे. पाण्यासाठी शेजाऱ्यावर अवलंबून असण्याची ही गोष्ट या देशाने कधी लपविली नाही. ती शाळेत शिकविली, रांगांची छायाचित्रे जपली, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची योजना आखली आणि २००३ सालापासून ते पाणी वापरात आणले. टंचाईची आठवण येथे लाजेची बाब झाली नाही. ती उद्योगाची प्रेरणा झाली.

त्या चिनी मुलाला आपल्या आजोबांची रांग सभागृहात टांगताना संकोच वाटला नाही. मग आपल्या मुलीच्या आजीच्या ओंजळीविषयीच आम्ही का चाचरलो? फरक आहे, तो आम्ही जाणतो. ती रांग दुष्काळाने लावली होती, ही विहीर माणसांनी बंद केली होती. परंतु म्हणूनच लाज वाटायची तर ती विहीर बंद करणाऱ्यांना वाटावी. ज्यांच्या ओंजळी कोरड्या राहिल्या त्यांनी मान खाली का घालावी? बाबासाहेबांनी आयुष्यभर आपणांस हेच शिकविले, आणि परदेशी येऊन पगार मिळू लागताच आपण तेवढेच विसरलो.

विद्यार्थ्यांच्या चित्रांना कमी लेखणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत जात आणि भिंतींवरील चित्रांच्या प्रतिकृती तयार करीत. पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकीच एक. पुढे यांतील अनेक प्रतिकृती लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या. परंतु उरलेल्यांच्या आधारे १८९६-९७ साली निघालेल्या दोन खंडांनी अजिंठ्याचे बुद्ध आणि बोधिसत्त्व जगापुढे नेले. दुसरी गोष्ट आपल्या संविधानाची. त्याच्या मूळ हस्तलिखिताची पाने शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सजविली. उद्देशिकेच्या पानावरील नक्षी ब्योहार राममनोहर सिन्हा या त्यांच्या शिष्याची. त्या चित्रांत भगवान बुद्धही आहेत. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात चित्रकलेचे धडे घेतले, हे त्यांच्या निकटवर्तीयांनी नोंदवून ठेवले आहे. एवढे वाचन, एवढे लेखन, एवढे राजकारण करणाऱ्या त्या महापुरुषाला रंग आणि कुंचला निरुपयोगी वाटला नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

आणखी एक अडचण आहे. येथील शाळांत भारतीय मुलांना तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दू मातृभाषा म्हणून शिकता येते. मराठी त्यांत नाही. त्यामुळे आपली मुले मराठी ऐकतात, थोडीफार बोलतात, पण वाचत नाहीत. आपली आत्मचरित्रे, आपल्या कविता, आपले जलसे, हे सारे धन त्यांच्या दृष्टीने कुलूपबंद आहे. ही स्मरणिकासुद्धा आपणच वाचतो, आपली मुले तिच्यातील छायाचित्रे पाहून खाली ठेवतात. अशा स्थितीत फोनवरील आजीचा आवाज आणि हातातील कोळशाची कांडी या दोन गोष्टींनी त्या मुलीने जे मिळविले, ते आमच्या वीस वर्षांच्या भाषणांनी तिला दिले नव्हते. हे कबूल करताना आम्हांस कमीपणा वाटत नाही. उलट मार्ग सापडल्याचा आनंद वाटतो.

आपल्या जयंतीच्या कार्यक्रमात मुलांसाठी चित्रकला स्पर्धा असते. बाबासाहेबांचे छापील चित्र समोर ठेवून मुले ते उतरवून काढतात आणि ज्याचा चष्मा हुबेहूब जमतो त्यास बक्षीस मिळते. ती स्पर्धा बंद करावी असे आम्ही म्हणत नाही. त्या निमित्ताने त्या मुद्रेकडे मुले तासभर टक लावून पाहतात, हेही थोडे नाही. परंतु तिच्या जोडीने येत्या वर्षापासून एक छोटे प्रदर्शन भरवावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. त्यात स्पर्धा नसावी, क्रमांक नसावेत. प्रत्येक मुलाने गावाकडील आजीला, आजोबांना, मावशीला किंवा आत्याला फोन करून एक गोष्ट विचारावी आणि तिचे चित्र काढावे. शाळेची पहिली पाटी असेल, गिरणीतला भोंगा असेल, १९५६ च्या दीक्षेच्या दिवशी नेसलेले पांढरे लुगडे असेल, लग्नातले हसू असेल. केवळ दुःखाचीच मागणी आपण करू नये. आपल्या माणसांनी आनंदही पुष्कळ भोगला आहे. चित्राशेजारी तयारीचे कागद लावावेत, आणि त्यांतील निवडक पाने पुढील स्मरणिकेत छापावीत.

पालकांना एकच विनंती. मुलाने विचारले तर खरे सांगा, आणि मुलाने चिठ्ठी लिहिली तर ती लहान करू नका. लहान करावीशी वाटलीच, तर का वाटली तेही त्याला सांगा. आपल्या भीतीचे कारण मुलांना कळले तर ती आपल्याला भेकड समजणार नाहीत. आज्या-आजोबांची ती पिढी दरवर्षी थोडी थोडी मावळत आहे, हेही ध्यानात असू द्यावे. फोन करण्यास पुढल्या जयंतीपर्यंत थांबू नये.

त्या मुलीच्या वडिलांशी आमचे बोलणे झाले. हे पान छापण्यापूर्वी आम्ही ते त्यांना आणि त्यांच्या कन्येला वाचून दाखविले. नाव देऊ नये, एवढेच त्यांनी सांगितले आणि आम्ही ते पाळले आहे. प्रदर्शन संपल्यावर चित्र घरी आले आहे. ते कोठे लावावे याविषयी घरात चर्चा चालू आहे असे कळते. दिवाणखाना की आतली खोली, हे त्यांनीच ठरवावे. आमच्यापुरते सांगावयाचे तर, त्या शनिवारी घरी आल्यावर आम्ही आपापल्या घरातील तसबिरी कोठे आहेत ते पाहिले आणि आमच्यापैकी एकाने ती बाहेरच्या खोलीत आणून लावली.

सर्व वाचक कुटुंबांना मंगल कामना.

जय भीम! नमो बुद्धाय!

— संपादक मंडळ